सेरेनगेटी: फेब्रुवारी की ऑगस्ट? सासू-सासरे आणि मुलगा सोबत आहेत

मीनल_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय. पुढच्या वर्षी आफ्रिकेत सफारीला जायचं घरात ठरतंय. टांझानिया जवळपास नक्की आहे, म्हणजे सेरेनगेटीचं माळरान आणि जमलं तर गोरोंगोरोचं ज्वालामुखीचं विवर. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगा पाचवीत, सासूबाई ६६ आणि सासरे ७१. ताडोबा, पेंच, नागझिरा असं आमचं दरवर्षी काही ना काही होतंच, त्यामुळे जंगल नवीन नाही, पण एवढं लांब आणि एवढं खर्चिक पहिल्यांदाच आहे म्हणून नीट विचारून जायचंय.

दोन टूरवाल्यांशी बोललो. एक म्हणतो ऑगस्टच, कारण प्राण्यांनी नदी ओलांडताना नाही बघितलं तर सेरेनगेटीला जाण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो फेब्रुवारी, तेव्हा पिल्लं असतात आणि गर्दी कमी. मे महिन्याची सुट्टी आम्हाला सगळ्यात सोयीची होती पण दोघंही मेला नको म्हणतायत.

बाकीचे प्रश्न: सासऱ्यांची कंबर दुखते, रस्ते कितपत खराब आहेत? सासूबाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत, त्यांचं जेवणाचं काय होईल? यलो फीवरची लस घ्यावीच लागते का? आणि मुलाला गेंडा बघायचाय, म्हणजे बाकी काही दिसलं नाही तरी चालेल पण गेंडा, असं त्याचं चाललंय. कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

मंदार_माळरान

मीनलताई, फेब्रुवारी. दुसरा विचारच करू नका. का ते सांगतो, जरा लांब होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ताडोबाचा हिशोब तिथे लावायचा नाही. ताडोबात आपण एका गेटमधून शिरतो, वाघ दिसला की ट्रिप वसूल आणि नाही दिसला की चेहरे पडतात. सेरेनगेटी १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा साधारण तेवढा, आणि त्यात मधे कुंपण नाही, गाव नाही. तिथे साधारण १३ लाखांच्या वर वाइल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं कुरंग), दोनेक लाख झेब्रे आणि शिवाय थॉमसन गझेल (छोटं कुरंग) असे सगळे वर्षभर चरत फिरत असतात. लोक म्हणतात मायग्रेशन, म्हणजे या कळपांचं स्थलांतर, जुलै-ऑगस्टला असतं, तसं नाहीये, ते बारा महिने चालूच असतं, फक्त जागा बदलते. डिसेंबर-जानेवारी ते मार्च हे सगळे दक्षिणेला न्दुटूच्या बाजूला, मे-जूनला पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीपाशी, नोव्हेंबरला परत दक्षिणेकडे. पावसावर सगळं असतं त्यामुळे पंधरा दिवस इकडचे तिकडे होऊ शकतात.

आता दक्षिणेलाच का येतात हे फार महत्त्वाचं आहे आणि टूरवाले हे कधी सांगत नाहीत. दक्षिणेचं ते माळरान ज्वालामुखीच्या राखेवर उभं आहे. गोरोंगोरोच्या डोंगरातले जुने ज्वालामुखी आणि ओल डोइन्यो लेंगाई, जो अजूनही जिवंत आहे, त्यांची राख हजारो वर्षं वाऱ्याने पश्चिमेला येऊन पडली. वरचा मातीचा थर पातळ आणि खाली चुन्याचा फरशीसारखा कडक थर, त्यामुळे झाडांची मुळं खाली जातच नाहीत, म्हणून तिथे क्षितिजापर्यंत एक झाड दिसत नाही, नुसतं वीतभर गवत. पण त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि दूध पाजणाऱ्या आईला नेमकं तेच लागतं. उत्तरेला पाणी बारमाही आहे, गवतही उंच आहे, तरी लाखो माद्या पिल्लं द्यायला तिथून चालत इथे येतात ते या गवतासाठी. आणि पाऊस संपला की इथे प्यायला पाणी राहत नाही म्हणून परत निघावं लागतं. सगळी गोष्ट गवताची आहे. सिंह, चित्ता, तरस सगळे त्या गवतामागून आलेले.

फेब्रुवारीत बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात. एकदम एवढी पिल्लं आली की शिकाऱ्यांचं पोट भरूनही बाकीची वाचतात, म्हणून सगळ्यांचं एकाच वेळी. जन्मलेलं पिल्लू पाच-दहा मिनिटांत उभं राहतं आणि थोड्या वेळात आईच्या बाजूने पळायला लागतं. जन्म बऱ्याचदा सकाळीच होतात त्यामुळे सकाळी कॅम्पमधून लवकर निघून कळपापाशी नुसतं थांबायचं, ड्रायव्हरला सांगायचं इंजिन बंद कर. तुमच्या पाचवीतल्या मुलाला समोर एक जीव जन्मताना, धडपडताना आणि उभा राहताना दिसेल, यापेक्षा अजून काय दाखवायचं असतं हो मुलांना.

दुसरा फायदा म्हणजे न्दुटूचा बराच भाग गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो, तिथे त्या सीझनमध्ये रस्ता सोडून माळावर गाडी नेता येते. सेरेनगेटी नॅशनल पार्कमध्ये तसं चालत नाही, रस्त्यावरच राहावं लागतं. ही सवलत आहे म्हणून ड्रायव्हर चित्त्याच्या अगदी जवळ गाडी घालतात, ते मात्र करू देऊ नका. चित्ता दिवसा शिकार करतो, मादीबरोबर पिल्लं असली आणि आठ-दहा गाड्यांनी वेढा घातला की तिची शिकार हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात. तुम्ही गाडीचे पैसे भरलेत, तुम्ही लांब थांब म्हणालात तर ड्रायव्हर थांबतो.

प्लॅन असा करा: अरुषाला उतरून एक रात्र, मग कराटू (गोरोंगोरोच्या अलीकडचं गाव) एक रात्र, मग न्दुटूला किमान तीन रात्री, सेरोनेराला म्हणजे मधल्या भागात दोन, परत येताना गोरोंगोरो. न्दुटूच्या तीन रात्री कमी करून कोणी तारांगिरे, मन्यारा, अशी बाकीची अमकी तमकी पार्क घुसवायला लागला तर नाही म्हणा. रोज नवीन कॅम्प आणि रोज सात तास गाडी, यात सासऱ्यांच्या कंबरेचंही वाटोळं होईल आणि धड काही दिसणार नाही.

जयंत_कोथरूड

मंदारने गवताचं फार छान सांगितलंय, पण ऑगस्टची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय.

ऑगस्ट-सप्टेंबरला हवा कोरडी, गवत कापल्यासारखं कमी झालेलं, पाणी मोजक्याच जागी उरलेलं त्यामुळे प्राणी शोधावे लागत नाहीत, डास कमी, रस्ते कोरडे. आणि नदी ओलांडणं ही गोष्ट खरंच अंगावर काटा आणते. हजारो जनावरं काठावर गोळा होतात, पुढचं एक पाण्यापर्यंत येतं, मागे फिरतं, परत येतं, असं तास-दोन तास चालतं आणि मग एक उडी मारतो की सगळे सुटतात. धूळ, आवाज, मगरी. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांच्या आसपास वाइल्डबीस्ट बुडून मरतात असा अभ्यास आहे आणि त्यांच्या हाडांमधून वर्षानुवर्षं नदीला फॉस्फरस मिळत राहतो, मासे, गिधाडं, मगरी सगळे त्या मढ्यांवर पोट भरतात. तिथे काठावर बसून हे बघताना मरणाकडे बघायची नजर बदलते, माझी तरी बदलली.

पण मीनलताई, कोणी गॅरंटी देत असेल तर त्या माणसाकडून बुकिंग करू नका. कळप तीन दिवस काठावर बसून राहतो आणि तुम्ही निघालात की संध्याकाळी पार होतो, असं सर्रास होतं. आणि केनियाच्या बाजूला मसाई मारा १,५१० चौरस किलोमीटर, तिथे ऑगस्टमध्ये एकेका घाटावर गाड्यांची रांग लागते, काही ड्रायव्हर कळपाची उतरायची वाट अडवून उभे राहतात, कळप मागे फिरतो. जायचंच असेल तर टांझानियाच्या बाजूने, मारा नदीजवळ कोगातेंदेला राहा, तिथे त्या मानाने मोकळं असतं. मात्र ते अरुषाहून फार लांब आहे, रस्त्याने एका दमात होत नाही, छोट्या विमानाने जावं लागतं आणि खर्च वाढतो. एवढा सगळा विचार केला तर ज्येष्ठ नागरिक आणि लहान मूल सोबत असताना मी स्वतःसुद्धा फेब्रुवारीच सुचवेन. नदीसाठी नंतर तुम्ही दोघं जा.

मे महिन्याला दोघंही नको म्हणाले ते बरोबर आहे. मार्च अखेर ते मे तिकडे मोठा पाऊस असतो, काळ्या चिकणमातीत गाड्या रुततात, बरेच कॅम्प बंद असतात. स्वस्त मिळतं खरं पण या ग्रुपला नको.

दारेसलामकर_स्मिता

मीनल, मी दार-ए-सलामला राहते, पुण्याची मूळची. पाहुणे आले की अरुषाला नेणं आमच्याकडे चालूच असतं त्यामुळे व्यवहाराचं सगळं मी सांगते.

जेवण. अजिबात काळजी करू नको. अरुषात गुजराती कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून आहेत, शाकाहारी जेवण सहज मिळतं. इथल्या लोकांच्या स्वतःच्या रोजच्या खाण्यात चपाती आहे, भात, राजम्यासारखे बीन्स, पालेभाजी, चहा आहे. कॅम्पवाल्यांना जैन जेवण असं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवायचं, कांदा-लसूण नाही हे वेगळं सांगायचं, बटाटा-गाजर चालतं की नाही तेही सांगायचं, आणि पोचल्यावर कुकला परत भेटायचं. कॅम्पमधले कुक फार मनापासून करतात. अडचण येते ती दुपारच्या डब्याची, कारण दिवसभर बाहेर असलं की बॉक्स लंच देतात आणि त्यात सँडविच नाहीतर चिकन असतं. सासूबाईंसाठी दशम्या, मेतकूट, भाजके पोहे, खाकरे, लोणचं सोबत ठेव, सकाळी कॅम्पमध्ये गरम पाणी थर्मासमध्ये भरून घ्यायचं.

रस्ते. अरुषा ते कराटू ते गोरोंगोरोचं गेट चांगला डांबरी रस्ता आहे. तिथून पुढे सगळा कच्चा, आणि कच्चा म्हणजे गाडी तासन्तास खडखडत राहते. रस्त्याने अरुषाहून सेरोनेरा सात-आठ तास सहज. सासऱ्यांसाठी असं कर, जाताना रस्त्याने जा कारण वाटेत थांबत जाता येतं आणि नजारा सुंदर आहे, आणि परत येताना सेरोनेराहून अरुषाला छोटं विमान, तासाभरात पोचतं. मग गोरोंगोरो जातानाच करून घ्यायचं. विमानात माणशी १५ किलो सामान आणि बॅग मऊ कापडाची हवी, चाकाच्या कडक बॅगा घेत नाहीत. गाडीत ताठ बसायला कंबरेचा पट्टा आणि छोटी उशी, आणि मधल्या ओळीत बसवायचं, मागच्या चाकावरची सीट अजिबात नको.

गाडी फक्त तुमच्या पाच जणांची हवी, वर छत उघडणारी लँड क्रूझर, शेअरिंग नको. बाथरूमचं स्पष्टच सांगते, नाबी हिल गेट आणि सेरोनेरा व्हिजिटर सेंटरला चांगले टॉयलेट आहेत, पण न्दुटूच्या माळावर काही नाही, गाइड आजूबाजूला नीट बघून सांगतो मग गाडीच्या मागे जायचं. सासूबाईंशी हे आधी बोलून ठेव, तिथे जाऊन कळलं तर त्या दिवसभर पाणी पिणार नाहीत आणि उन्हात त्रास होईल.

पैसे. पार्कची फी परदेशी माणसाला चोवीस तासांच्या हिशोबाने डॉलरमध्ये असते, वर १८ टक्के व्हॅट. लहान मुलांना बरीच कमी आहे. गोरोंगोरोच्या विवरात गाडी उतरवायची फी गाडीमागे वेगळी, आणि ती मोठी आहे, बरेच टूरवाले कोटमध्ये (खर्चाच्या अंदाजपत्रकात) ती दाखवत नाहीत आणि नंतर मागतात. म्हणून कोट घेताना विचार की पार्क फी, कॅम्पिंग किंवा कन्सेशन फी (म्हणजे आत राहायची फी), विवराची फी, व्हॅट सगळं धरून आहे का, आणि लेखी घे. भारतीयांना ई-व्हिसा ५० डॉलर, तो सरकारी साइटवरूनच कर, तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट खूप आहेत. डॉलरच्या नोटा नवीन आणि कोऱ्या आण, जुन्या छपाईच्या किंवा थोड्या फाटलेल्या कोणी घेत नाही.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर इथे २०१९ पासून बंदी आहे, एअरपोर्टला काढून घेतात. आपल्याला चपला, ओले कपडे, खाऊ सगळंच पिशवीत गुंडाळायची सवय असते, त्यामुळे कापडी पिशव्या शिवून आण. कपडे खाकी, बदामी, फिकट हिरवे. काळा आणि गडद निळा नको, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते आणि ती जीन्समधूनसुद्धा चावते. शाळेची ट्रॅकपॅन्ट निळी असेल तर घरीच ठेवा.

अजून एक, मनापासून. मसाई वस्तीला नेतात. जा, पण आधी पैसे किती ते ठरवून, आणि नुसते फोटो काढून निघू नका, बोला त्यांच्याशी. १९५९ मध्ये सेरेनगेटी पार्कमधून मसाईंना हलवलं आणि गोरोंगोरोमध्ये गुरं चारत राहता येईल असं सांगितलं, आणि २०२२ पासून तिथूनही लांब हांदेनीकडे म्सोमेराला जायला सरकार सांगतंय. ज्या माळावर आपण रिकामं निसर्गसौंदर्य म्हणून बघतो तिथे कोणाचं तरी घर होतं, हे मुलाला सांगा.

डॉ_अनघा

यलो फीवरबद्दल थोडक्यात. टांझानिया भारतातून थेट येणाऱ्यांकडे लसीचं कार्ड मागत नाही, पण यलो फीवरची जोखीम असलेल्या देशात १२ तासांहून जास्त ट्रान्झिट झाला तर मागतो. तुम्ही बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाल. इथिओपिया आणि केनिया दोन्ही भारत सरकारच्या जोखमीच्या देशांच्या यादीत आहेत, आणि परतताना आपल्याच एअरपोर्टवर कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. म्हणून कार्ड असलेलं बरं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते, आणि ती फक्त सरकारमान्य ठराविक केंद्रांवर मिळते, तारीख आधी घ्यावी लागते.

मात्र सासू-सासरे साठीच्या पुढे आहेत. या वयात पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. सरळ रांगेत उभं करू नका, आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, चालू औषधं सांगा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तेही सांगायचं. गरज पडली तर डॉक्टर लस न घेण्याचं पत्र देतात, आणि मग विमानाचा मार्ग कोणता घ्यायचा तेही त्यानुसार ठरवा. मलेरियाच्या गोळ्या पाचही जणांनी विचारून घ्या, मुलाचा डोस वजनावर असतो.

मीनल_नाशिक

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! रात्री सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना जेवणाचं ऐकून हायसं वाटलं, त्यांनी लगेच दशम्यांचा हिशोब सुरू केला. फेब्रुवारी पक्कं करतोय, शाळेशी बोलून घेईन, पाचवीच आहे त्यामुळे आठवडा-दहा दिवस जमेल असं वाटतं. नाही जमलं तर ख्रिसमसच्या सुट्टीत कसं?

आणि गोरोंगोरोत एक दिवस पुरतो का? गेंडा तिथे नक्की दिसतो का? तारांगिरे खरंच सोडायचं का, कारण मिस्टरांना गोरखचिंचेची झाडं बघायची आहेत, हत्तींबरोबरचे फोटो बघून त्यांचं मन तिथेच अडकलंय.

मंदार_माळरान

ख्रिसमसला चालेल, फक्त नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस वेळेवर झाला असेल तर कळप दक्षिणेला पोचलेले असतात, नाहीतर वाटेत कुठेतरी असतात. पिल्लं तेव्हा नसतात आणि भाव मात्र सगळ्यात जास्त असतात. शाळा हो म्हणाली तर फेब्रुवारीच.

गोरोंगोरोला विवरात एक पूर्ण दिवस पुरतो, पण पूर्ण म्हणजे सकाळी सहाला गेट उघडताना तिथे हजर पाहिजे, म्हणून आदली रात्र काठावर राहा किंवा कराटूला राहून अंधारात निघा. विवराचा तळ साधारण २६० चौरस किलोमीटर, भिंती ६०० मीटर उंच, आणि आत राहता येत नाही, संध्याकाळी सहाच्या आत वर यावं लागतं. काठ २,२०० मीटरच्या वर आहे त्यामुळे पहाटे धुकं आणि चांगलीच थंडी, सगळ्यांना स्वेटर, कानटोपी. काळा गेंडा तिथे आहे आणि टांझानियात तो दिसायची सगळ्यात चांगली जागा तीच आहे, पण बऱ्याचदा लांब, दुर्बिणीत ठिपका दिसेल एवढा लांब. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. चांगली ८ बाय ४२ ची दुर्बीण त्याला वेगळी द्या, एकच दुर्बीण पाच जणांत फिरवली की प्रत्येकाचं काही ना काही हुकतं.

आणि त्याला तरसाकडे बघायला सांगा. आपल्याकडे तरस म्हटलं की उष्टं खाणारा, भित्रा असंच डोक्यात असतं. तिथलं तरस वेगळं, ठिपक्यांचं. १९६० च्या दशकात हान्स क्रूक नावाच्या शास्त्रज्ञाने याच विवरात रात्र रात्र तरसांच्या मागे राहून दाखवून दिलं की ते बहुतेक स्वतः शिकार करून खातात, आणि सकाळी जो सिंह मढ्यावर बसलेला दिसतो त्याने बऱ्याचदा ती तरसांकडून हिसकावलेली असते. आजूबाजूला ताटकळत उभे असतात ते खरे मालक. विवरात अंतरं कमी असल्यामुळे सगळं डोळ्यासमोर घडतं. जिराफ मात्र विवरात नाहीत, ते सेरेनगेटीत भरपूर बघून घ्या. दुपारचं जेवण पिकनिकच्या जागी गाडीतच बसून करा, घारी हातातली पोळी उचलून नेतात, नखं लागतात.

तारांगिरे खरं कोरड्या दिवसांचं पार्क, जून ते ऑक्टोबर नदीवर हत्तींचे शेकड्यांनी कळप येतात. फेब्रुवारीत ते बरेचसे बाहेर पांगलेले असतात. पण गोरखचिंच कुठे जात नाही! मिस्टरांचा एवढा जीव असेल तर अरुषाहून कराटूला जाताना वाटेतच पडतं ते, अरुषाहून अगदी पहाटे निघा, दुपारपर्यंत तारांगिरे आणि संध्याकाळी कराटू. न्दुटूची रात्र कमी करून मात्र नको, यावर मी हटून बसणार.

अजून एक राहिलं होतं. हे वाइल्डबीस्ट एवढे आहेत ते कायमचेच असे नव्हते. १८९० च्या सुमाराला गुरांचा बुळकांडी रोग पूर्व आफ्रिकेत आला आणि गुरं, म्हशी, वाइल्डबीस्ट सगळे साफ झाले, मसाईंची उपासमार झाली. पुढे गुरांना लस द्यायला लागले, रोग हटला, आणि १९६० च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या शेवटी १३ लाखांवर गेले. ते एवढं गवत खातात की वणवे कमी झाले आणि त्यामुळे माळावर नवीन झाडं आली. गावातल्या गाईंना सुई टोचली आणि अख्खं माळरान बदललं. आपल्याकडे जंगलाच्या कडेच्या गावांत गुरांच्या लसीकरणासाठी लोक घसा फोडून सांगतात ते यासाठीच.

सोलापूरचा_पाखऱ्या

पक्ष्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मंदारभाऊ माळरानवाले असून विसरले!

मीनलताई, न्दुटूच्या गवतात फेब्रुवारीत भोवत्या हे शिकारी पक्षी दिसतील, माँटेग्यूचा आणि फिकट भोवत्या, गवतावरून खाली खाली तरंगत जाणारे. तेच दोन्ही पक्षी हिवाळ्यात आमच्या सोलापूरच्या माळावर आणि सासवडकडे येतात. युरोपातले पांढरे करकोचे शेकड्यांनी गवतात चालताना दिसतील. आपला चातक पावसाआधी आफ्रिकेकडूनच येतो, फेब्रुवारीत तो त्या बाजूलाच असतो, काळा-पांढरा आणि डोक्यावर तुरा, लक्ष ठेवा.

पण सगळ्यात महत्त्वाचं, कोरी बस्टर्ड. आपल्या माळढोकाचा सख्खा नातेवाईक, नर अठरा किलोपर्यंत जातो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड असणाऱ्यांपैकी एक. तिथे तो गाडीपासून पन्नास फुटांवर शांतपणे चालत असतो, गळा फुगवून नाचतो, आणि गाड्या त्याच्यासाठी थांबतही नाहीत कारण सगळ्यांना सिंह हवा असतो. सोलापूरजवळ नान्नजला आमच्या लहानपणी माळढोक दिसायचा हो, आता वर्षानुवर्षं डोळे लावून बसलो तरी दिसत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून आपण नांगरून टाकला, झाडं लावली, विजेच्या तारा ओढल्या. मी तिथे तो पक्षी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रडू आलं. तुम्ही तुमच्या मुलाला तो दाखवा आणि सांगा की असाच आपल्याकडे होता, आणि राजस्थानात थोडे अजून आहेत. गाडी थांबवा त्याच्यासाठी. दहा मिनिटं द्या.

दारेसलामकर_स्मिता

पाखऱ्या दादा, पुढच्या पाहुण्यांना घेऊन जाईन तेव्हा नक्की थांबवणार गाडी.

मीनल, शेवटचं: न्दुटूचे बरेच कॅम्प फिरते असतात, म्हणजे डिसेंबर ते मार्च तिथे तंबू लावतात आणि नंतर कळपाबरोबर उत्तरेला नेतात. त्यामुळे बुक करताना फेब्रुवारीत कॅम्प नेमका कुठे असेल ते नकाशावर दाखवायला सांग, नुसतं सेरेनगेटी लिहून पाठवलं तर मान्य करू नकोस, सेरोनेराहून न्दुटूला रोज ये-जा केली तर अर्धा दिवस त्यातच जातो. फेब्रुवारीच्या चांगल्या जागा आठ-दहा महिने आधी भरतात. तंबूला कुंपण नसतं, रात्री अंधारात एकट्याने बाहेर पडायचं नाही, शिट्टी किंवा टॉर्च दाखवला की माणूस येतो आणि जेवणाच्या तंबूपर्यंत सोडतो. सासू-सासऱ्यांचा तंबू तुमच्या शेजारचा आणि जेवणाच्या तंबूजवळचा मागून घे, आणि आत जोडलेलं टॉयलेट आहे ना ते विचार. गाइडला टीप गाडीमागे दिवसाला वीस-तीस डॉलर असा अंदाज धर, शेवटच्या दिवशी पाकिटात द्यायची. कोट आला की फी-बिचे आकडे इथे टाक, मी बघून सांगते.